आवडत्या गाण्याखाली गीतकाराचे नाव हवेच

वर्ष संपत आले की आवडत्या गाण्यांच्या याद्या निघतात. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत त्या छापून येतात, रेडिओवर त्यांचे खास कार्यक्रम होतात, आणि अलीकडे तर मोबाइलवरील गाण्यांची ॲप्स प्रत्येक श्रोत्याला त्याची स्वतःची यादी तयार करून देतात: कोणते गाणे सर्वांत जास्त वेळा ऐकले, कोणत्या कलाकाराला किती मिनिटे दिली, असा सगळा हिशेब त्यात असतो. 2025 सालच्या अशा पुष्कळ याद्या मी लक्षपूर्वक वाचल्या. त्यांत गाण्याचे नाव होते, गायकाचे होते, चित्रपटाचे होते, आणि बऱ्याच ठिकाणी त्या गाण्यात पडद्यावर दिसणाऱ्या नटनटींचेही होते. संगीतकाराचे नाव कुठे होते, कुठे नव्हते. गीतकाराचे नाव मात्र क्वचितच सापडले. ही गोष्ट किरकोळ आहे असे मला वाटत नाही. जे शब्द वर्षभर लोकांच्या तोंडी राहिले ते कोणी लिहिले, हे त्याच लोकांना माहीत नसावे, ही मराठीसारख्या भाषेला शोभणारी स्थिती नाही. माझे म्हणणे असे आहे की गाणे जिथे जिथे लोकांसमोर येते, मग ते ॲप असो, रेडिओ असो, दूरचित्रवाणीवरील स्पर्धा असो की समाजमाध्यमावरील रील, तिथे गीतकाराचे नाव गायकाच्या नावाच्या बरोबरीने आले पाहिजे, आणि हे कुणाच्या सौजन्यावर सोडून न देता कायद्याने बंधनकारक केले पाहिजे.

हे म्हणणे हवेत राहू नये म्हणून माझी स्वतःची यादीच पुढे ठेवतो. सरलेल्या वर्षातील नव्या मराठी गाण्यांपैकी जी मनात घर करून राहिली ती तीन निरनिराळ्या ठिकाणांहून आली. जानेवारीत प्रदर्शित झालेल्या 'संगीत मानापमान' या चित्रपटाची गाणी समीर सामंत यांनी लिहिली आणि शंकर-एहसान-लॉय यांनी त्यांना संगीत दिले. सप्टेंबरमध्ये आलेल्या 'दशावतार'ची गाणी गुरू ठाकूर यांची आणि संगीत ए. व्ही. प्रफुल्लचंद्र यांचे. तिसरे गाणे चित्रपटातले नव्हेच. उन्हाळाभर वरातींतून, हळदीच्या मांडवांतून आणि असंख्य रील्समधून वाजत राहिलेले 'शेकी' हे गाणे संजू राठोड यांनी लिहिले, त्यांनीच त्याची चाल बांधली आणि त्यांनीच ते गायले. त्याचे संगीत संयोजन जी-स्पार्क यांचे.

यांतील पहिल्या गाण्यांविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण तिथे गीतकारापुढचे काम विशेष अवघड होते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'मानापमान' नाटक 1911 साली रंगभूमीवर आले. पदे खाडिलकरांचीच, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. मराठी रसिकाच्या कानात त्या नाटकाची पदे शंभरहून अधिक वर्षे मुरलेली आहेत. अशा नाटकाचे नाव घेऊन नवी गाणी लिहायची म्हणजे दोन्हीकडून कोंडी. जुन्या पदांची संस्कृतप्रचुर भाषा जशीच्या तशी उचलावी तर गाणे नक्कल वाटते, आणि आजची बोलती भाषा वापरावी तर त्या कथेचा दरबारी थाटच मोडून पडतो. 'वंदन हो' या गाण्यात ही कोंडी फुटलेली दिसते. राहुल देशपांडे, महेश काळे आणि शंकर महादेवन या तिन्ही गायकांची तालीम वेगळी, आवाजाचा पोत वेगळा. नांदीच्या वळणाने जाणाऱ्या त्या शब्दांनी तिघांनाही आपापल्या पद्धतीने फिरायला जागा दिली आहे.

ही जागा आपोआप तयार होत नाही. ओळीच्या शेवटी स्वर लांबवायचा असेल, त्यावर हरकत किंवा तान घ्यायची असेल, तर तिथे मोकळा स्वर लागतो. आकारावर, ओकारावर गळा खुला होतो. ऱ्हस्व इकार-उकारावर तो आवळला जातो. आणि ओळ एखाद्या खटक्याच्या व्यंजनावर संपली तर स्वर ठरतच नाही. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते आणि 'ला', 'ले', 'तो', 'ते' अशा अक्षरांनी संपते. ही भाषेने दिलेली सोय आहे खरी, पण प्रत्येक ओळीला तिचाच आधार घेतला की गाणे 'आला-गेला-झाला' करत राहते आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत ऐकणारा कंटाळतो. त्यातून चित्रपटसंगीतात आता चाल आधी आणि शब्द नंतर हाच क्रम रूढ झालेला आहे. संगीतकार नुसत्या 'ना ना ना'वर किंवा कामापुरते डमी शब्द घालून चाल पाठवतो. मात्रा ठरलेल्या असतात, सम कुठे येणार ते ठरलेले असते, एखाद्या अक्षराला जागाच नाही आणि एखाद्याला चार मात्रा ताणायचे आहे हेही ठरलेले असते. त्या साच्यात प्रसंग, पात्राचा स्वभाव, यमक आणि अर्थ बसवायचा आणि तरीही ते शब्द त्या माणसाच्या तोंडून सहज निघाल्यासारखे वाटले पाहिजेत, हे गीतकाराचे काम. कविता लिहिण्यापेक्षा ते कमी दर्जाचे आहे असे मानणाऱ्यांनी एकदा एखाद्या तयार चालीवर चार ओळी बसवून पाहाव्यात.

'दशावतार'मध्ये अडचण निराळी होती. दशावतार ही तळकोकणातील, रात्र रात्र चालणारी लोककला. तिच्यात संवाद आधी लिहून पाठ केलेले नसतात, नट ते रंगमंचावरच रचत जातात. अशा उत्स्फूर्त कलेवरच्या चित्रपटाला लिहून, मोजूनमापून गाणी द्यायची, आणि मालवणी बोली केवळ फोडणीपुरती न वापरता तिचा ठसका ओळीच्या चालण्यात आणायचा, हे ज्याला बोलीचा कान आहे त्यालाच जमते. मुंबईत वाढलेल्या, कोकणाशी सुट्टीपुरते नाते उरलेल्या मुलांच्या तोंडी त्या गाण्यांमुळे मालवणी शब्द आले. भाषेसाठी काम करणाऱ्या संस्थांना जे परिसंवाद घेऊन साधत नाही ते एका गीतकाराने साधले.

'शेकी'ला उथळ म्हणून बाजूला सारणारे बरेच आहेत. त्यांच्याशी माझा मतभेद आहे, पण तो वाद इथे घालत नाही. इथे मला त्या गाण्याच्या निमित्ताने दिसलेली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. जळगाव जिल्ह्यातून आलेल्या या तरुणाचे नाव आज महाराष्ट्राबाहेरही लोकांना ठाऊक आहे. 2024 साली 'गुलाबी साडी'ने ते घरोघर पोहोचवले होतेच. लोक त्याला ओळखतात ते गायक म्हणून. त्याने हेच शब्द लिहून दुसऱ्या कुणाच्या गळ्यात दिले असते, तर गाणे कदाचित तितकेच वाजले असते आणि त्याला कुणीच ओळखले नसते. म्हणजे लिहिणाऱ्याला आज नाव मिळवायचे असेल तर त्याने गायलेही पाहिजे, दिसलेही पाहिजे. ज्याच्यापाशी केवळ शब्द आहेत, गळा नाही आणि कॅमेऱ्यापुढे उभे राहण्याची हौसही नाही, त्याने काय करावे? मराठीतील थोर गीतकारांपैकी किती जणांना आजच्या या कसोटीवर नाव मिळाले असते, याचा विचार केला की मन अस्वस्थ होते.

नाव नेमके कुठे गळते तेही पाहिले पाहिजे. नवे गाणे आज बहुतेकांना पडद्यावरच भेटते. एखाद्या मराठी चित्रगीताच्या व्हिडिओचे शीर्षक वाचावे: आधी गाण्याचे नाव, मग उभी रेघ, मग चित्रपटाचे नाव, मग नायक, नायिका, मग गायक, जागा उरलीच तर संगीतकार, आणि शेवटी ध्वनिमुद्रण कंपनी. गीतकार खाली, वर्णनाच्या मजकुरात, 'अधिक' या शब्दावर बोट ठेवल्यावर उघडणाऱ्या भागात. रीलवर तर एकच पट्टी सरकत असते. तिच्यावर गाणे आणि 'कलाकार', आणि कलाकार म्हणजे गायक हे गृहीतच धरलेले. गाण्यांच्या ॲप्समध्ये श्रेयनामावली पाहण्याची सोय आहे. स्पॉटिफायने ती 2018 साली आणली. पण ती गाण्याशेजारच्या तीन टिंबांच्या आत असते, आणि मराठी गाण्यांच्या बाबतीत ती उघडल्यावर लेखकाच्या रकान्यात गायकाचेच नाव किंवा नुसती रिकामी जागा आढळण्याचे प्रसंग माझ्या वाट्याला वारंवार आले आहेत. ॲपकडे माहिती जाते ती गाणे चढवणाऱ्याकडून. त्याने रकाना रिकामा सोडला तरी गाणे अडत नाही. मुखपृष्ठाचे चित्र मात्र ठरलेल्या मापाचे नसेल तर अडते. या एका तपशिलात आपण कशाला महत्त्व देतो हे उघड होते.

याचा परिणाम वर्षभरात दिसत नाही, पिढीभरात दिसतो. आषाढी जवळ आली की महाराष्ट्रात असा रस्ता नसेल जिथे 'पाऊले चालती पंढरीची वाट' ऐकू येत नाही. प्रल्हाद शिंदे यांचा तो आवाज कुणीही ओळखतो, आणि ओळखावाच इतका तो मोलाचा आहे. पण ते गाणे दत्ता पाटील यांनी लिहिले आणि त्याची चाल मधुकर पाठक यांची, हे सांगणारे किती भेटतात? पुष्कळांना तो कुणा संताचा अभंग वाटतो, काहींना 'पारंपरिक' रचना वाटते. हेच आता 2015 सालच्या 'कट्यार काळजात घुसली' या चित्रपटातील गणेशवंदनेचेही होऊ लागले आहे. 'सूर निरागस हो' शाळांच्या स्नेहसंमेलनांत, गणेशोत्सवांत, सत्कारसमारंभांच्या आरंभी गायले जाते, आणि ते मंगेश कांगणे यांनी लिहिले हे गाणाऱ्यांनाही बहुधा माहीत नसते. गाणे इतके सर्वांचे व्हावे की त्याचा कर्ता विसरला जावा, यात कवीचा गौरवच आहे, असे कुणी म्हणेल. हयात असलेल्या, घर चालवणाऱ्या, पुढचे काम मिळावे म्हणून धडपडणाऱ्या माणसाला हा गौरव परवडत नाही.

आपल्या परंपरेत मात्र हे विस्मरण कधीच आदर्श मानले गेलेले नाही. अभंग तोंडातोंडी पसरत होते, कागद दुर्मीळ होता, आणि तरीही कोणता अभंग कुणाचा हे आपल्याला ठाऊक आहे, कारण संतांनी आपले नाव शेवटच्या चरणात गुंफले. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'म्हणे नामयाची जनी' ही नाममुद्रा गाण्याचाच भाग असल्यामुळे गाणाऱ्याला ती गाळता येत नव्हती. ज्या स्त्रीला त्या काळच्या समाजाने दासी याहून वेगळी ओळख दिली नसती, त्या जनाबाईचे नाव आज सात शतकांनंतर घेतले जाते ते या रीतीमुळे. शाहिरांनी ही रीत पुढे चालवली. वामनदादा कर्डक यांच्या कित्येक गीतांच्या शेवटी 'वामन' येतो, आणि वस्त्यावस्त्यांतून अनेक गायकांनी आपापल्या चालींत गायलेली ती गीते वामनदादांचीच म्हणून ओळखली जातात. अहंकार सोडायला सांगणाऱ्या संतांनाही आपल्या शब्दांवर आपले नाव असणे अनुचित वाटले नाही. आजच्या गाण्यात नाममुद्रेची रीत उरलेली नाही. म्हणूनच ते नाव गाण्याबाहेर, पण गाण्यासोबत लिहिले जाणे अधिक गरजेचे झाले आहे.

नभोवाणीने हे काम मनोभावे केले. 1 एप्रिल 1955 पासून पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झाले आणि पुढचे वर्षभर दर आठवड्याला एक नवे गाणे ऐकायला मिळत राहिले. एकूण 56 गाणी झाली. त्या वर्षी मराठी घरांतून आवडत्या नव्या गाण्यांची यादी कुणी केली असती तर ती बहुतांशी इथेच भरली असती. गायकगायिका बदलत होत्या: माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके, राम फाटक. तरीही 'गीतरामायण' म्हटले की पहिले नाव ग. दि. माडगूळकरांचे आणि त्यासोबत सुधीर फडक्यांचे, याबद्दल कुणाच्या मनात गोंधळ नाही. आकाशवाणीच्या निवेदनाचा क्रमच तसा होता: गीत, संगीत, स्वर. मराठी गाण्यांचा मोठा संग्रह करणाऱ्या 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळाने हाच क्रम पाळला आहे, आणि तिथे प्रत्येक गाण्याखाली ही नावे मिळतात. शान्ता शेळके यांनी काही गीते 'डॉ. वसंत अवसरे' या टोपणनावाने लिहिली. नाव टोपण का होईना, गाण्याला जोडलेले होते, म्हणूनच पुढे ती गीते त्यांच्यापर्यंत पोहोचवता आली. रकाना रिकामा असता तर शोध कुठून सुरू करणार?

गायकांच्या नावांचाही एकेकाळी असाच प्रश्न होता आणि तो श्रोत्यांनी सोडवला, याचे एक उदाहरण सर्वपरिचित आहे. 1949 साली 'महल' या हिंदी चित्रपटातील 'आएगा आनेवाला' या गाण्याची तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर गायिकेच्या जागी चित्रपटातील पात्राचे 'कामिनी' हे नाव होते. गाणे नभोवाणीवर गाजले, हे कोण गाते अशी विचारणा करणारी श्रोत्यांची पत्रे आली, आणि लता मंगेशकर हे नाव जाहीर झाले. श्रोत्यांनी विचारले नसते तर पार्श्वगायकाला नाव असते ही आज आपल्याला इतकी स्वाभाविक वाटणारी गोष्ट आणखी काही वर्षे लांबली असती. त्याच गाण्याचे शब्द नक्शब जारचवी यांचे आहेत. त्यांच्याबद्दल तेव्हा फारशी विचारणा झाली नाही, आणि आज ते नाव किती जणांना ओळखीचे वाटेल हे वाचकांनीच ठरवावे.

आता कायद्याकडे वळतो, कारण माझी मुख्य मागणी तिथेच आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 प्रमाणे लेखकाला, त्याने हक्क विकलेले असले तरी, ती कृती आपली असल्याचे सांगण्याचा अधिकार आहे. अधिकार मोठा आहे, पण तो बजावायचा तर गीतकाराने न्यायालयात जायचे, आणि तेही ज्यांच्याकडून उद्याचे काम मिळायचे त्यांच्याच विरोधात. असे धाडस कोण करील? दुसरीकडे कलम 52ए ध्वनिमुद्रण प्रसिद्ध करणाऱ्यावर काही तपशील छापण्याचे बंधन घालते. कोणते तपशील? ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे नाव आणि पत्ता, हक्कधारकाचे नाव आणि पत्ता, आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष. हे कलम 1984 साली, चोरट्या कॅसेटींना आळा घालण्यासाठी, तबकडी आणि तिचे वेष्टन डोळ्यांपुढे ठेवून आणले गेले. त्यात कंपनीचा पत्तासुद्धा आहे. शब्द लिहिणाऱ्याचे आणि चाल बांधणाऱ्याचे नाव नाही. या कलमात गीतकार, संगीतकार आणि गायक ही तीन नावे जोडावीत, आणि वेष्टनाबरोबरच ज्या पडद्यावर गाणे वाजते त्या पडद्यालाही ते लागू करावे, एवढी साधी दुरुस्ती मला हवी आहे.

नावाचा प्रश्न पैशाशीही जोडलेला आहे. 2012 साली या कायद्यात झालेल्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना मोठा आधार दिला. चित्रपटगृहाबाहेर त्यांच्या कृतीचा जो वापर होतो त्याच्या मोबदल्यात त्यांचा समान वाटा राहील आणि तो वाटा निर्मात्याला किंवा कंपनीला करारानेही काढून घेता येणार नाही, अशी तरतूद झाली. राज्यसभेत तेव्हा नामनियुक्त सदस्य असलेले जावेद अख्तर यांनी त्यासाठी चिकाटीने बाजू मांडली होती. हा मोबदला गोळा करून वाटण्याचे काम करणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी 1969 पासून आहे. 2012 च्या दुरुस्तीनंतर तिची नव्या तरतुदींनुसार नोंदणी 2017 मध्ये झाली. पण वाटप नोंदींवर चालते. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षरांचा क्रमांक असतो. तो ध्वनिमुद्रण ओळखतो, मूळ रचना ओळखत नाही. रचनेला आयएसडब्ल्यूसी हा वेगळा क्रमांक लागतो. गाणे वाजले की पहिला क्रमांक मोजला जातो. तो दुसऱ्या क्रमांकाशी, आणि दुसरा क्रमांक गीतकाराच्या नावाशी जोडलेला नसेल, तर गाणे कितीही वेळा वाजो, शब्दांचा वाटा लिहिणाऱ्याच्या खात्यापर्यंत जायला वाट उरत नाही. रिकाम्या रकान्याची किंमत अशी असते. चित्रपटाच्या मोठ्या गीतकाराला विचारणा करून हे दुरुस्त करता येईलही. सांगली-लातूरकडचा, एखाद्या छोट्या ध्वनिमुद्रण केंद्रासाठी देवीची किंवा लग्नाची गाणी लिहून देणारा गीतकार हे कसे करणार?

या मागणीवर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांपैकी जागा नसल्याचा आक्षेप मला फारसा गंभीर वाटत नाही; ज्या शीर्षकात सहा नावे मावतात तिथे सातवे मावते. दुसरा आक्षेप असा की श्रोत्याला याचे देणेघेणे नाही, त्याला गाणे ऐकायचे असते. पण श्रोत्याला कशाची ओढ लागते हे त्याच्यासमोर काय ठेवले जाते यावरही ठरते. गायकाचे नाव दिसते म्हणून तो त्या गायकाची आणखी गाणी शोधतो. गीतकाराचे नाव दिसू लागले, त्यावर बोट ठेवताच त्याची सारी गाणी उघडू लागली, तर 'दशावतार'ची गाणी आवडलेला एखादा विद्यार्थी गुरू ठाकूरांच्या आधीच्या गाण्यांपर्यंत आणि तिथून पुढे कदाचित कवितेपर्यंत जाईल. मराठीत लहान मुलांना कविता आवडत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांनी ही वाट बंद का ठेवली आहे, याचा विचार करावा.

तिसरा आक्षेप खरोखर विचार करण्याजोगा आहे. आजचे गाणे बरेचदा अनेकांच्या हातून तयार होते: जुन्या लोकगीताची पहिली ओळ, त्यावर एकाने लिहिलेले कडवे, दुसऱ्याचे रॅप, आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी गायकाने बदललेला शब्द. लेखक कुणाला म्हणायचे? याला माझे उत्तर असे की वाद असू शकतो म्हणून नावच देऊ नये, हा न्याय आपण आणखी कुठे लावत नाही. दोन, तीन, चार नावे द्यावीत. लोकगीताचा भाग असेल तर तो ज्या भागातून, ज्या समाजातून घेतला ते लिहावे. 'पारंपरिक' हा शिक्का मात्र चौकशी केल्याशिवाय मारू नये, कारण त्या शिक्क्याखाली दत्ता पाटलांसारखे लोक गाडले जातात. छोट्या निर्मात्यांवर नियमांचे ओझे पडेल असेही म्हटले जाते. गाणे चढवताना एक रकाना भरणे हे ओझे नव्हे. कंपन्या आणि ॲप्स यांनी तो रकाना भरल्याशिवाय गाणे पुढे जाऊ देऊ नये, म्हणजे गावच्या ध्वनिमुद्रण केंद्रापासून मुंबईच्या कंपनीपर्यंत सर्वांना सारखाच नियम लागू होईल.

गीतकारांनी स्वतः आवाज उठवलेला नाही असे नाही. 2020 साली स्वानंद किरकिरे, वरुण ग्रोव्हर, कौसर मुनीर यांच्यासह हिंदीतील अनेक गीतकारांनी एकत्र येऊन 'क्रेडिट दे दो यार' असे गाणेच काढले होते. मराठीत असा सामूहिक प्रयत्न माझ्या पाहण्यात नाही आणि त्याची गरज आता अधिक आहे. दोन ओळींची सूचना दिली की शब्द, चाल आणि आवाज यांसह पूर्ण गाणे काही क्षणांत तयार करून देणारी साधने आता कुणाच्याही हाती आलेली आहेत, आणि अशी गाणी माणसांच्या गाण्यांत मिसळू लागली आहेत. माणसाने लिहिलेल्या गाण्यालाही लेखकाचे नाव नसेल, तर दोहोंत फरक करण्याचे एक सोपे साधन आपण आपल्या हातानेच टाकून दिले असे होईल.

केंद्राचा कायदा बदलायला वेळ लागेल. महाराष्ट्र शासनाने तोवर थांबण्याचे कारण नाही. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि त्यानिमित्ताने भाषेच्या नोंदी जपण्याविषयी बरेच बोलले गेले. गेल्या वर्षाच्या गाण्यांची नोंद ही त्या कामातलीच एक आहे. शासन मराठी चित्रपटांना अनुदान देते. त्या अनुदानासाठी एक अट वाढवावी की चित्रपटाचे प्रत्येक गाणे, ते ज्या ज्या माध्यमावर प्रसिद्ध होईल तिथे, गीतकार आणि संगीतकार यांच्या नावांसह आणि रचनेच्या नोंदणी क्रमांकासह प्रसिद्ध झाले पाहिजे, आणि तसे झाल्याचा पुरावा शेवटच्या हप्त्यापूर्वी सादर झाला पाहिजे. राज्य चित्रपट पुरस्कारांच्या प्रवेशिकांनाही हीच अट लावता येईल. आणि शासनाला आरंभ स्वतःपासून करायचा असेल तर राज्यगीत समोर आहेच. 'जय जय महाराष्ट्र माझा' 2023 साली राज्यगीत झाले. शाहीर साबळे यांचा आवाज सर्वांना परिचित आहे. शब्द राजा बढे यांचे आणि संगीत श्रीनिवास खळे यांचे आहे. शासकीय समारंभात ते गीत सुरू होण्यापूर्वी निवेदकाने ही तिन्ही नावे घ्यावीत, असे एक परिपत्रक काढायला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.